अक्षराला एक पैसा

वडलांचं काम आठवड्याला तीन दिवसांवर आलं तेव्हा आम्ही घरात पाच माणसं होतो. वडील कुंभकोणातल्या एका कॉफी हॉटेलात वाढप्याचं काम करत. मालकानं त्यांना काढून टाकलं नाही. काढलं असतं तर निदान दुसऱ्या दारात जाऊन उभं राहता आलं असतं. सोमवार, गुरुवार, शनिवार या, एवढंच म्हणाला. उरलेले चार दिवस वडील ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत. सकाळी रात्रीचा पाण्यात घातलेला भात, मीठ आणि एक मिरची. रात्री थोडा गरम भात. दुपारी पाणी.

कावेरीला लागोपाठ दोन वर्षं पाणी बेताचं आलं होतं. आमच्या भागात पाणी नाही म्हणजे भात नाही, आणि भात नाही म्हणजे खेड्यातून येऊन कॉफी पिणारा, लुगडी घेणारा, लग्नाची भांडी घेणारा माणूसच नाही. शेत आमचं कुणाचंच नव्हतं, तरी उपास सगळ्यांच्या घरी पोचला.

मी तेव्हा नदीपलीकडच्या कॉलेजात इंटरला होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. हे मी छाती काढून सांगतो, कारण त्या पायरीची किंमत घरच्यांनी भांडी विकून भरली. आधी जास्तीच्या पराती गेल्या, मग घागरी. दुसऱ्या वर्षीची फी भरायची वेळ आली तेव्हा आजोबांच्या लग्नातला मोठा हंडा निघाला. त्यावर आजोबांचं नाव, त्यांच्या वडलांचं नाव, तंजावर हे गाव आणि खाली टिंबाटिंबांचा एक पोपट होता.

दुसऱ्याचं नाव असलेलं भांडं आमच्याकडे कोणी विकत घेत नाही. नाव आधी पुसावं लागतं. ते काम करायला शेजारचे विठोजीमामा आले, कानस आणि चिंचेचा गोळा घेऊन.

"दुकानांत नेलें तर कोणीही पुसेल," ते आईला म्हणाले. "मी येथेंच पुसतों. वहिनी, तुम्ही आंत जावें."

आई आत गेली नाही. दाराला टेकून उभी राहिली. मामांना सगळी सकाळ लागली, कारण ते नाव त्यांच्याच वडलांनी घातलेलं होतं. पोपट त्यांनी शेवटी पुसला. आईनं विचारलं, "काय द्यायचें तुम्हांस?" मामा उठत म्हणाले, "लिहिण्याचे पैसे घेतों मी. पुसण्याचे कसले?"

विठोजीमामा माझे सख्खे मामा नव्हेत. एकाच लांबट घरात भिंतीला भिंत लावून आम्ही राहत होतो. मोठ्या बाजारातल्या एका चेट्टियार व्यापाऱ्यांच्या दुकानात ते भांड्यांवर नावं घालत. उंच, वाळके, कपाळावर उभं गंध, आणि डाव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं. तरुणपणी कधी तरी हातोडी चुकली होती. कमरेला तपकिरीची डबी. भांडं मांडीवर, खाली वाळूची पिशवी, एका हातात छिन्नी, दुसऱ्यात एवढीशी हातोडी. टिंबाला टिंब लागून अक्षर उभं राही. तमिळ, तेलुगू, आपली मराठी, जे मागाल ते घालत. स्वतः शाळेत दुसरीपर्यंतच गेलेले.

त्यांची एक अट असे. नाव कागदावर लिहून दिलेलं घेत नसत. "तोंडानें सांगा," म्हणत. गिऱ्हाईक नाव कसं सांगतं ते बघून अक्षर केवढं घालायचं ते ठरवत. एकदा नवं लग्न झालेला एक जण आला. बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं कसं म्हणून मामांच्या कानाशी वाकला.

मामा छिन्नी खाली ठेवून मोठ्यानं म्हणाले, "अरे, घागरीवर सबंध गाव वाचणार, आणि येथें कानांत सांगतोस? तिला पाणी भरायला पाठवशील तेव्हां घागर पदराखालीं लपवायची काय?"

दुकान हसलं. त्या माणसानं लाल होत नाव घेतलं, आणि मामांनी ते असं ठसठशीत घातलं की चार हातांवरून वाचता यावं. नावासोबत गाव, बापाचं नाव, आणि खाली पोपट. पोपटाचे वेगळे पैसे नसत, कारण मामा महिन्याच्या पगारावर होते.

ही गोष्ट ते कोणालाही सांगत. "आम्ही महिन्याचे." त्यांचे आजे तंजावरच्या राजवाड्यातल्या मुदपाकखान्याच्या भांड्यांवर खुणा घालत, तेही महिन्याचे. आमच्याकडे आडी महिन्यात, म्हणजे तुमच्या आषाढात, लग्नं होत नाहीत. भांड्यांची दुकानं ओस पडतात. मामा तेव्हाही धुतलेलं धोतर नेसून सकाळी आठाला दुकानात हजर. छिन्न्यांना धार लावीत, दिवे पुसून ठेवीत. पहिल्या तारखेला पगार येई. "आडींतही माझी चूल पेटते," ते म्हणत, आणि हे म्हणताना जरा इकडेतिकडे बघून घेत, ऐकलं ना सगळ्यांनी म्हणून.

पुसलेला हंडा घेऊन त्या दिवशी मी त्यांच्याबरोबरच दुकानात गेलो. चेट्टियारांनी वजन केलं, पैसे दिले. मग मामांना गादीजवळ बोलावलं. चेट्टियार वाईट माणूस नव्हते. हळू बोलायचे, नोकराला शिवी द्यायची नाही. आमच्या लोकांना, तंजावरकडच्या मराठी माणसांना, तमिळ माणसं 'रायर' म्हणतात, तसं तेही म्हणत.

"रायर, चार महिन्यांत किती हंडे विकले तुम्ही बघताच आहात. लोक घ्यायला येत नाहीत, विकायला येतात. मी कुणाला काढत नाही. पण पगार मला झेपत नाही. आजपासून अक्षराला एक पैसा. जेवढी अक्षरं घालाल तेवढे पैसे."

मामांनी कमरेची डबी चाचपली.

"धंदा परत आला की तुम्ही पुन्हा महिन्यावर. हा माझा शब्द." असं म्हणून चेट्टियारांनी तबकातली दोन पानं आणि सुपारी उचलली आणि मामांच्या पुढे धरली. त्यांचे डोळे खरोखर भरले होते, मी पाहिले. मामांनी दोन्ही हातांनी विडा घेतला.

घरी येताना मी म्हटलं, "मामा, लिहून घ्यायला पाहिजे होतं."

"विडा घेतल्यावर कागद मागतात? तुझ्या कॉलेजांत हें शिकवितात कां?"

आमच्यात तशी रीत होती. दोघांत विडा झाला की देणाऱ्यानं शब्द पाळायचा आणि घेणाऱ्यानं आठवण करून द्यायची नाही. आठवण करून देणं म्हणजे देणाऱ्याला तोंडावर खोटा म्हणणं.

पुढचं सगळं या रीतीमुळे झालं. अर्थात माझ्यामुळेही.

गिऱ्हाइकाला अक्षरामागे पैसा पडू लागला आणि लोकांची नावं आखूड झाली. आधी गाव गेलं, मग बापाचं नाव गेलं, मग बापाच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं उरलं. पोपट तर कोणी मागेचना. पट्टीश्वरम्‌कडचा एक शेतकरी मुलीच्या लग्नाची घागर घेऊन आला होता. मी वाचायला पुस्तक घेऊन दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. तो म्हणाला, मुलीचं नाव आणि माझ्या वारलेल्या बापाचं नाव घाला. मग बोटांवर मोजू लागला. दोनदा मोजलं. मग म्हणाला, "मुलीचंच घाला. म्हाताऱ्याचं एक अक्षर पुरे."

मामांनी मान हलवली आणि दोन्ही नावं पूर्ण घातली. गादीवर सांगितलं, पाच अक्षरं.

चेट्टियारांना वाचता येत होतं. शेतकरी गेल्यावर म्हणाले, "रायर, दान करायचं तर घरून करावं. उद्या सगळे पाच अक्षरांत पंधरा मागतील. मग अक्षराच्या पैशाला तरी काय अर्थ राहील?"

मामांनी डबी उघडून तपकीर ओढली. "त्यांचें खरें आहे," मला म्हणाले. त्यानंतर जेवढे पैसे तेवढीच अक्षरं. हे मला फार लागलं. चेट्टियार खोटं बोलत असते तर बरं झालं असतं.

मी बी.ए.च्या वर्गात गेलो त्या वर्षी मामांच्या मेहुण्यानं आडुतुरैहून निरोप पाठवला. तिथल्या एका भातगिरणीत पोत्यांवर खुणा घालायला माणूस हवा होता. महिन्याचा पगार, शिवाय तांदूळ. पगार मामांच्या जुन्या पगाराहून थोडा कमी, पण दर महिन्याला, आडीतसुद्धा. मामी एका पायावर तयार होती. मामांनी मला ओट्यावर बोलावलं.

"काय रे बीए, तूं बाजाराचें शास्त्र शिकतोस म्हणे?"

"अर्थशास्त्र, मामा."

"तेंच. हा धंदा परत येणार कां?"

मी तेव्हा वीस वर्षांचा. आदल्याच आठवड्यात वर्गात मंदीचा धडा झालेला. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "येणार म्हणजे काय! मंदी येते तशी जाते. मागणी वाढली की धंदा वर, धंदा वर गेला की मजुरी वर. आमच्या सरांनी फळ्यावर रेषा काढून दाखवली." मी बोटानं धुळीत रेषा काढली, खाली जाणारी आणि मग वर चढणारी.

मामा वाकून बघत राहिले. "जेथून खालीं आली तेथपर्यंतच चढते?"

"तिथपर्यंत. कधी कधी त्याहून वर."

"मजुरीची रेषा ही?"

ती उत्पादनाची रेषा होती. मला ते माहीत होतं. पण धंदा आणि मजुरी एकाच दोरीला बांधलेले असतात असं मी समजत होतो, आणि नाही म्हणायची लाज वाटली. "हो," मी म्हटलं.

आतून मामी ओरडली, "त्या पोराची परीक्षा व्हायची आहे अजून, आणि तुम्ही त्याच्या रेषेवर संसार मांडतां!"

"विडा आहे," मामा म्हणाले. "आणि आतां पुस्तकही तेंच सांगतें." त्यांनी आडुतुरैला नाही कळवलं. गिरणीत दुसरा माणूस लागला, आणि माझ्या माहितीप्रमाणे म्हातारा होईपर्यंत तिथं राहिला.

धंदा परत आला. हे माझं बरोबर निघालं. कावेरी दोन्ही काठ भरून वाहिली, भात आला, आणि संक्रांतीला तै महिना लागताच लग्नांचा असा लोंढा सुटला की बाजारात हंड्यांच्या उतरंडी रस्त्यापर्यंत आल्या. वडलांना सातही दिवस काम मिळालं. चेट्टियारांनी दुकानात काचेची कपाटं केली, दिव्याच्या नळ्या लावल्या, पंखा लावला. कपाटांना जागा हवी म्हणून मामांची वाळूची पिशवी आतून बाहेर पायरीवर आली. काम एकट्याला आटपेना, म्हणून मन्नारगुडीकडचे दोन संसारी कारागीर ठेवले. तेही अक्षरावर. त्यांना महिन्याचा पगार हा प्रकारच ठाऊक नव्हता. मामा सांगत तेव्हा ते राजवाड्याची गोष्ट ऐकावी तसे ऐकत.

नावं मात्र परत लांब झाली नाहीत. लोकांना सवय झाली होती. एकदा एक बडा मिरासदार आला, मुलीला एकवीस भांडी घेतली, आणि भांड्यामागे तीन अक्षरं सांगितली. मामांनी विचारलं, "गांव? वडिलांचें नांव?" तो म्हणाला, "आता सगळे असंच घालतात." त्याला पैशाची ददात नव्हती.

म्हणजे पूर्वी एका हंड्यावर वीस अक्षरं पडत तिथं आता तीन. जुन्या पगाराइतकं मिळवायला मामांना चौपट भांडी मांडीवर घ्यावी लागत. संध्याकाळी ते पायरीवरून उठत तेव्हा आधी एक गुडघा, मग थांबून दुसरा. डोळ्यांतून पाणी येऊ लागलं होतं. टिंबं एका ओळीत बसेनात. आणि आडी आला की सबंध महिना काहीच नाही. त्या महिन्यात मामीनं आमच्याकडून तांदूळ नेला. आईनं मापटं शीग लावून भरलं. दोघी एकमेकींकडे न बघता बोलत होत्या.

"मामा, चेट्टियारांना सांगा ना," मी दर पंधरा दिवसांनी म्हणे.

"त्यांना दिसतें आहे."

"दिसतं, पण देत नाहीत."

"देतील. विडा आहे."

मी बी.ए. पास झालो. घरात पेढ्याऐवजी गूळ वाटला. पास झाल्याच्या चौथ्या दिवशी मी मामांना न विचारता चेट्टियारांकडे गेलो. त्यांनी मला खुर्ची दिली. पूर्वी कधी दिली नव्हती.

"तंबी, रायरांना दिलेला शब्द मी विसरलो नाही," धाकट्या भावाला म्हणावं तसं ते म्हणाले. "पण त्यांना महिन्यावर घेतलं तर त्या दोघांना काय सांगू? आणि पितळेचा भाव बघ. समोरच्या दुकानात नावं घालणारे सगळे अक्षरावर. मी एकट्यानं पगार दिला तर माझा हंडा महाग होतो."

"मग शब्द कशाला दिलात?"

त्यांनी समोरचं तबक जरा बाजूला सारलं. "एक सांगू? रायर एकदाही मागायला आले नाहीत. पहिल्याच तैमध्ये आले असते तर मी दिला असता. मला वाटलं, त्यांचं बरं चाललंय."

हे मी घरी येऊन मामांना सांगितलं. ते माझ्यावर असे कधी चिडले नव्हते. "कोणीं सांगितलें होतें तुला? मागून मिळालें तर तो शब्द कसला?" दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ओट्यावर बसून राहत. तिसऱ्या दिवशी दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून माझ्या दारात आले.

"चल. तूं बोलायचें नाहीं. नुसता उभा राहा."

वाटेत त्यांनी बाजारातून दोन पानं आणि एक सुपारी घेतली. पायरीवरच्या दोघा कारागिरांना हातानं खूण करून आत घेतलं. गादीसमोर उभे राहिले आणि पानसुपारी चेट्टियारांच्या तबकात ठेवली.

"हे काय, रायर?"

"तुमचा विडा परत. शब्दातून तुम्हाला मोकळं केलं." मामा तमिळमध्ये बोलत होते, सावकाश. "आता मीही मोकळा झालो. आता मागतो."

चेट्टियारांचा चेहरा एकदम उतरला. शिवी दिली असती तरी इतका उतरला नसता. "रायर, असं करू नका," ते म्हणाले.

"महिन्याचा पगार मागत नाही. तो गेला, मला कळलंय. पण आम्ही तिघं सकाळपासून इथं बसतो. गिऱ्हाईक आलं तर पैसा, नाही आलं तर नाही. बसतो ते कुणासाठी? रिकाम्या दिवसाचा एक रुपया द्या. तिघांनाही."

त्या दोघांतला एक जण घाबरून मामांचं उपरणं मागून ओढत होता. मामांनी उपरणं सोडवून घेतलं.

बरीच घासाघीस झाली. चेट्टियार सहा आण्यांपासून निघाले. समोरच्या दुकानाचं नाव चार वेळा निघालं. शेवटी आठ आणे ठरले. पण दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसलं पाहिजे, मध्ये उठून गेल्यास नाही.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मामा, सगळं माझं चुकलं. ती रेषा मजुरीची नव्हती."

त्यांनी तपकीर ओढली, शिंकले, डोळे पुसले. "धंदा परत येणार म्हणालास, तो आला. बाकीचें तुला कोठून ठाऊक असणार? तूं कधीं मजुरी केली आहेस?"

मला मद्रासला सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. महिन्याच्या पगाराची. हे सांगायला मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते नुसतं म्हणाले, "बरें झालें. कोणी विडा देऊं लागला तर घेऊं नकोस."

पुढच्या आडीत मी रजेवर आलो. दुपारी दोनच्या सुमाराला दुकानावरून गेलो. बाजारात चिटपाखरू नव्हतं. चेट्टियार आत पंख्याखाली झोपले होते. ते दोघे कारागीरही पायरीच्या सावलीत आडवे झाले होते. मामा ताठ बसले होते. मांडीवर भांडं नव्हतं, हातात छिन्नी नव्हती. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून रस्त्याकडे तोंड करून, फोटो काढायला बसवावं तसे. मी अगदी जवळ गेल्यावर त्यांनी मला ओळखलं, तेही आवाजावरून.

"मामा, जरा आडवे व्हा ना. कोण बघतंय?"

"बसण्याचे घेतों ना रे? मग बसायला नको?"

त्या मार्गळीत, संक्रांतीच्या आधीच्या महिन्यात, मामा वारले. मला यायला मिळालं नाही.

महिन्याचा पगार त्यांना परत मिळाला नाही, त्यांच्यानंतर त्या बाजारात कोणालाच मिळाला नाही. पण त्या दुकानातल्या नावं घालणाऱ्या तिघांना रिकाम्या दिवसाचे आठ आणे मिळू लागले, आणि मामांच्या जागी जो चौथा आला त्यालाही ते न मागता मिळाले.